सोपवलेल्या जिवांची राखण : त्र्यंबकेश्वर परिसर आणि पाळीव प्राण्यांची वसतिगृहे

नारायण नागबळीचा विधी तीन दिवस चालतो आणि यजमानाला तीनही दिवस त्र्यंबकेश्वरातच मुक्काम करावा लागतो. त्रिपिंडी श्राद्ध किंवा कालसर्प शांती एका दिवसात होते, पण मुंबई, पुणे, सुरतेहून येणाऱ्याला त्यासाठीही एक-दोन रात्री घराबाहेर काढाव्या लागतात. पूर्वी अशा वेळी घरात कोणीतरी मागे असे. आजी असे, काकू असे, निदान शेजारची माणसे असत. आता घर तिघाचौघांचे झाले, विधीला सगळ्यांनीच बसायचे असते आणि घरात एक कुत्रा किंवा मांजर असते. दाराला कुलूप लावताना त्या जिवाचे काय करायचे, हा प्रश्न शहरातल्या हजारो घरांत आज खरा आहे.

या प्रश्नातूनच एक व्यवसाय उभा राहिला. बोलताना लोक त्याला ‘बोर्डिंग’ किंवा ‘होस्टेल’ म्हणतात. कुत्र्यांसाठी असेल तर केनेल, मांजरांसाठी असेल तर कॅटरी. नाशिकसारख्या शहरात तो आता कोणाला नवा वाटत नाही. त्र्यंबकेश्वर, अंजनेरी, इगतपुरीच्या पट्ट्यात जमीन किंवा फार्महाऊस असलेल्यांच्या मनातही हा विचार येतो. हवा थंड, जागा मोकळी आणि यात्रेकरूंची रीघ बारमाही, एवढे भांडवल पुरेसे वाटते. ते खरोखर पुरेसे आहे का, या व्यवसायाविषयी कोणकोणती मते आहेत, विज्ञान आणि कायदा काय सांगतात आणि कोणते प्रश्न अजून सुटलेले नाहीत, याचा हा आढावा.

पार्श्वभूमी : कोंडवाडा, पांजरपोळ आणि राखण

दुसऱ्याचे जनावर सांभाळणे आपल्याकडे नवे नाही. त्याच्या तीन जुन्या रीती आहेत.

पहिली कोंडवाड्याची. दुसऱ्याच्या पिकात शिरलेले जनावर तिथे डांबायचे आणि मालकाने दंड भरून सोडवायचे. त्यामागे १८७१ चा गुरे अतिक्रमण कायदा होता. तिथे जनावर राहायचे ते शिक्षा म्हणून.

दुसरी पांजरपोळाची. मुंबईत १८३२ साली सरकारी हुकमाने मोकाट कुत्री मारली जाऊ लागली, तेव्हा पारशी समाज रस्त्यावर उतरला आणि दंगल झाली. त्यानंतर दोन वर्षांनी, १८३४ मध्ये, सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या पुढाकाराने मुंबईचे पांजरपोळ सुरू झाले. नाशिकचे पांजरपोळ १८७८ पासूनचे आहे आणि चुंचाळे, बेळगाव ढगा परिसरातील त्याची विस्तीर्ण जमीन नाशिककरांना माहीत आहे. इथे जनावर राहते ते दयेपोटी आणि बहुधा कायमचे.

तिसरी रीत राखणीची. गुराखी गावाची गुरे चारायला नेई आणि त्याला धान्य मिळे. शेळी किंवा कालवड अर्धलीने दिली जाई, म्हणजे एकाने सांभाळायचे आणि होणाऱ्या पिलांत दोघांचा वाटा. या रीतीत मोबदला होता, मुदत होती, आणि जनावर धडधाकट परत करण्याची जबाबदारीही होती.

आजचे बोर्डिंग या तिसऱ्या रीतीचा वारसा सांगते. फरक एवढाच की गुराख्याची नजर चाऱ्यावर आणि दुधावर असे. इथे सांभाळायचा असतो तो जीव घरातला असतो, मालकाच्या उशाशी झोपणारा, ठराविक आवाजाला आणि वासाला सरावलेला. त्याला काय हवे असते, हे गुराखी पिढ्यान्‌पिढ्या शिकला तसे शिकायला आपल्याला अजून वेळ मिळालेला नाही.

मागणी कुठून येते

त्र्यंबकेश्वर हे बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक आणि नाशिकपासून २८ किलोमीटरवर. त्यामुळे इथली मागणी यात्रेच्या वेळापत्रकावर चालते. पौष वद्य एकादशीला संत निवृत्तिनाथांची यात्रा, महाशिवरात्र, श्रावणी सोमवार, त्यातही तिसऱ्या सोमवारची ब्रह्मगिरीची प्रदक्षिणा, शिवाय दिवाळीच्या आणि मे महिन्याच्या सुट्या. या दिवसांत गर्दी उसळते आणि मधले आठवडे शांत जातात.

शेजारच्या इगतपुरीत वेगळ्या प्रकारची मागणी आहे. धम्मगिरी येथे विपश्यनेची दहा दिवसांची शिबिरे होतात. एकटा राहणारा माणूस शिबिराला गेला की त्याच्या कुत्र्याला सलग दहा-अकरा दिवस ठेवावे लागते. शिबिरात फोन जमा करावा लागत असल्याने प्राणी आजारी पडला तरी मालकाशी बोलता येत नाही. म्हणून उपचाराचा निर्णय घेऊ शकेल अशा दुसऱ्या माणसाचे नाव आणि मालकाची लेखी संमती आधीच घेणे भाग आहे.

वाहतुकीतही बदल झाला आहे. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. मुंबई-ठाण्याकडून गाडीने येणे सोपे झाले, तसे कुत्र्याला गाडीत घेऊन निघणाऱ्यांचेही. रेल्वेत मात्र कुत्रा सोबत न्यायचा तर वातानुकूलित प्रथम वर्गाचा पूर्ण कूपे किंवा केबिन आरक्षित करावी लागते, नाहीतर ब्रेकव्हॅनमधल्या पेटीत त्याला ठेवावे लागते. म्हणून इथे येणारा बहुतेक प्राणी गाडीनेच येतो. दर्शनाच्या रांगेत तास-दोन तास जाणार असतील तर काही जण त्याला बंद गाडीतच ठेवतात. उन्हात उभ्या गाडीतले तापमान काही मिनिटांत जिवावर बेतेल इतके चढते. काच थोडी खाली ठेवल्याने ते टळत नाही. अशा माणसांसाठी गावाबाहेर सावलीची, पाण्याची, विश्वासाची एखादी जागा असावी, याविषयी फारसा मतभेद नाही. मतभेद आहेत ते पुढच्या गोष्टींवर.

चार मते

पहिले मत तीर्थाजवळच्या केनेलचे. त्याच्या समर्थकांचे म्हणणे असे की प्राणी मालकाबरोबर प्रवास करतो, संध्याकाळी पूजा आटोपून मालक त्याला भेटू शकतो आणि स्थानिक तरुणांना कामही मिळते. आक्षेप असा की प्राण्याला जागा अनोळखी, माणसे अनोळखी, वास अनोळखी. मालकही तिथे पहिल्यांदाच आलेला असतो. केनेल आधी पाहून, एक रात्र ठेवून बघण्याची संधीच त्याला मिळत नाही.

दुसरे मत सांगते की केनेल असावे ते प्राण्याच्या राहत्या शहरात. तिथे मालक दोन-तीनदा जाऊन येतो, नेहमीचे पशुवैद्य हाकेच्या अंतरावर असतात आणि वर्षातून तीन-चारदा त्याच जागी गेल्याने प्राणी रुळतो. मर्यादा ही की शहरात जागा महाग असते, शेजाऱ्यांना भुंकण्याचा त्रास होतो आणि जागा वाचवण्यासाठी पिंजरे लहान होत जातात.

तिसरे मत घरगुती बोर्डिंगचे. एखादे प्राणिप्रेमी कुटुंब आपल्याच घरात दोन-तीन कुत्री ठेवते. घराची सवय असलेल्या प्राण्याला ते सोयीचे जाते आणि चालवणाऱ्याला मोठे भांडवलही लागत नाही. अडचण अशी की एकच माणूस आजारी पडला तर बदली नाही, वेगवेगळ्या घरांची कुत्री एकत्र येऊन भांडली तर ती वेगळी ठेवायला खोल्या नाहीत आणि काही बिघडले तर जबाबदारी कोणाची, हे कागदावर नसते.

चौथे मत असे की प्राण्याला हलवूच नये, राखण करणाऱ्याने त्याच्या घरी यावे. मांजरांच्या बाबतीत हे मत विशेष जोराने मांडले जाते. अडचण विश्वासाची, कारण घराची किल्ली परक्याच्या हाती द्यावी लागते.

चारही मतांत तथ्य आहे. त्यांतून निवड करायची तर प्राण्याच्या बाजूने पाहावे लागते आणि इथे अभ्यासांची मदत होते.

प्राण्याच्या बाजूने

कुत्र्यांविषयी १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, निवारागृहात दाखल झालेल्या कुत्र्यांच्या रक्तातील कॉर्टिसॉल या ताणसंप्रेरकाचे प्रमाण पहिल्या तीन दिवसांत चढलेले आढळले. नऊ दिवसांहून जास्त राहिलेल्या कुत्र्यांत ते कमी होते. निवारागृह आणि बोर्डिंग एकच नव्हे, पण परक्या जागेतले पहिले दिवस सर्वांत अवघड असतात, हा निष्कर्ष दोन्हीकडे लागू पडण्याजोगा आहे.

मांजरांविषयीचा अभ्यास तर थेट कॅटरीतला आहे. केसलर आणि टर्नर यांनी स्वित्झर्लंडमध्ये १४० मांजरांना दोन आठवडे न्याहाळले. तो अभ्यासही १९९७ चाच. मांजरांचा ताण पहिल्या चार दिवसांत वेगाने उतरला आणि पुढे हळूहळू. सुमारे दोन तृतीयांश मांजरे चांगली रुळली, एक तृतीयांशांना मुक्काम जड गेला आणि सुमारे ४ टक्के मांजरे रुळलीच नाहीत. त्यांना बोर्डिंगला ठेवूच नये, असा त्यांचा स्पष्ट अभिप्राय होता. पुढे २०१४ मध्ये नेदरलँड्समधल्या एका अभ्यासात दिसले की लपायला साधा खोका मिळालेली मांजरे नव्या जागी लवकर सावरली.

हे निष्कर्ष त्र्यंबकेश्वरच्या वेळापत्रकाशेजारी ठेवले की मूळ पेच समोर येतो. विधी तीन दिवसांचा असतो, आणि प्राण्याला सर्वांत जड जाणारे दिवसही पहिले तीन-चारच. म्हणजे यात्रेकरूचा प्राणी रुळायला लागतो न लागतो तोच मालक त्याला न्यायला येतो. मुक्काम छोटा असल्याने त्रास कमी होईल, असे मालकाला वाटते. प्राण्याच्या दृष्टीने त्या मुक्कामाचा जवळजवळ प्रत्येक तास जड असतो. मांजराच्या बाबतीत यात शरीराचा धोकाही आहे. ताणामुळे मांजर खाणे सोडते आणि काही दिवस उपाशी राहिले, विशेषतः ते लठ्ठ असेल, तर यकृतात चरबी साठून जीवघेणा आजार होऊ शकतो.

यावर उपाय नाही असे नाही. आधी एक रात्र चाचणीचा मुक्काम, घरचे अंथरूण किंवा मालकाचा जुना सदरा सोबत, घरचेच खाणे, ठरलेल्या वेळा, मांजराला उंचावरची फळी आणि लपायला खोका, आणि ज्याने आत घेतले त्याच माणसाने रोज जेवू घालणे. यातले बरेच बिनखर्चाचे आहे. चाचणीची रात्र मात्र दूरच्या यात्रेकरूला परवडत नाही, आणि इथेच तीर्थाजवळच्या केनेलची बाजू दुबळी पडते.

पाऊस, रोग आणि बिबट्या

त्र्यंबकेश्वर सह्याद्रीच्या कुशीत, ब्रह्मगिरीच्या पायथ्याशी आहे. इथला पाऊस नाशिक शहराच्या दुपटीहून जास्त. आणि मोठी गर्दी होते ती नेमकी श्रावणात. सलग ओल्या हवेत फरशी वाळत नाही, अंथरुणांना बुरशी येते, पोत्यातले खाद्य खराब होते. साचलेल्या पाण्यातून आणि उंदरांच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस पसरतो आणि तो माणसालाही होतो. पावसाळ्यानंतर गोचीड वाढते आणि तिच्यातून अर्लिकिया, बबेशियासारखे रक्ताचे आजार येतात. म्हणून इथले केनेल जमिनीपासून उंच जोत्यावर, उताराच्या फरशीचे, आडव्या पावसापासून पडवीने राखलेले आणि वारा खेळता असलेले हवे. मैदानी भागातला नकाशा इथे आणून चालत नाही.

एकाच छपराखाली अनेक घरांचे प्राणी आले की संसर्ग हा पहिला धोका. पार्व्होचा विषाणू १९७८ च्या सुमारास जगभर पसरला. तो जमिनीत आणि भेगांत महिनोन्‌महिने टिकतो आणि साध्या फिनाइलने मरत नाही, त्यासाठी ब्लीचसारखे क्लोरीनयुक्त द्रावण लागते. मांजरांचा पॅनल्यूकोपेनिया त्याचाच जवळचा नातलग. केनेल कफ खोकल्यातून हवेत पसरतो. त्यामुळे लसीकरणाचे कार्ड पाहिल्याशिवाय प्राणी आत घ्यायचा नाही, हा नियम यात्रेच्या गर्दीतही मोडता येत नाही. लस टोचल्यावर प्रतिकारशक्ती तयार व्हायला सुमारे दोन आठवडे जातात, म्हणून निघण्याच्या आदल्या दिवशी घेतलेली लस फारशी उपयोगाची नाही. माणसांच्या रेबीजची जवळजवळ सगळी प्रकरणे कुत्र्यांपासून येतात. त्यामुळे काम करणाऱ्यांनाही आधीच प्रतिबंधक लस द्यायला हवी.

कुत्री आणि मांजरे एकाच ठिकाणी ठेवावीत का, याविषयी जाणकारांचे मत बऱ्यापैकी एक आहे. भुंकणे ऐकू येईल, कुत्री दिसतील, इतक्या जवळ मांजरे ठेवू नयेत. आणखी एक कारण औषधांचे आहे. कुत्र्यांच्या गोचिडांवर वापरले जाणारे पर्मेथ्रिन मांजराला विषारी असते. पॅरासिटामॉलच्या एका गोळीनेही मांजर दगावू शकते. नाशिकच्या मातीतला एक धोकाही सांगायला हवा. द्राक्षे आणि मनुके कुत्र्याचे मूत्रपिंड निकामी करू शकतात. द्राक्षांच्या जिल्ह्यात, प्रसादाच्या वाटीत मनुके असणाऱ्या गावात, हे प्रत्येक कामगाराला पहिल्या दिवशी सांगितलेले असावे.

आणि बिबट्या. नाशिक जिल्ह्यातल्या शेतांत, वस्त्यांत त्याचा वावर नित्याचा आहे. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इगतपुरी-सिन्नरला लागून असलेल्या अकोले तालुक्यात बिबट्याच्या विष्ठेचा अभ्यास केला. वजनाच्या हिशेबाने त्याच्या आहारात ३९ टक्के वाटा पाळीव आणि गावठी कुत्र्यांचा आणि १५ टक्के मांजरांचा निघाला. डोंगराच्या कडेला रात्रभर भुंकणारी दहा कुत्री म्हणजे बिबट्याला दिलेले आमंत्रणच. तारेचे उघडे कुंपण इथे पुरत नाही. वरूनही बंद, पक्क्या भिंतींच्या खोल्या, संध्याकाळनंतर एकही प्राणी बाहेर न ठेवण्याचा दंडक आणि रात्री जागेवर माणूस, हे इथे बांधकामाच्या खर्चातच धरावे लागते.

कायदा काय म्हणतो

मूळ कायदा १९६० चा, प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा. आखूड किंवा जड साखळीला अवाजवी वेळ बांधून ठेवणे, पुरेसे अन्न, पाणी, निवारा न देणे, प्राणी टाकून देणे, हे त्याच्या कलम ११ खाली गुन्हे आहेत. पहिल्या गुन्ह्याचा दंड मात्र १० ते ५० रुपये, आणि तो साठच्या दशकातला आकडा तसाच राहिला आहे. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जल्लिकट्टूच्या खटल्यात पाच मूलभूत स्वातंत्र्ये या कायद्याच्या कलमांत वाचली. भूक-तहानेपासून, अस्वस्थतेपासून, वेदना आणि रोगापासून, भीती आणि ताणापासून मुक्ती, आणि नैसर्गिक वर्तनाचे स्वातंत्र्य. केनेलचे मोजमाप करायला याहून नेमकी फूटपट्टी नाही.

२०१७ मध्ये केंद्राने कुत्र्यांच्या पैदाशीचे आणि विक्रीचे नियम केले. त्यांतल्या पैदासकाराच्या व्याख्येत बोर्डिंग केनेल चालवणाऱ्याचाही समावेश आहे आणि पैदासकाराला राज्य पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते. इथे दोन वाचने होतात. एका वाचनानुसार, शब्द स्पष्ट असल्याने प्रत्येक केनेलने नोंदणी करायलाच हवी. दुसऱ्यानुसार, हे नियमच पैदास आणि विक्रीसाठी आहेत, त्यामुळे केवळ राखण करणाऱ्याला ते लावणे ओढून-ताणून होते. नव्याने सुरू करणाऱ्याने नोंदणी करून मोकळे व्हावे, हे शहाणपणाचे. मांजरांचा प्रश्न त्याहून अवघड आहे. २०१७ चे नियम कुत्र्यांपुरते आहेत. २०१८ चे पाळीव प्राण्यांच्या दुकानांचे नियम मांजरांना लागू असले तरी ते विक्रीच्या दुकानांसाठी आहेत. म्हणजे फक्त मांजरे सांभाळणाऱ्या कॅटरीसाठी वेगळी चौकट नाही.

तुलनेसाठी इंग्लंड पाहता येईल. तिथे प्राण्यांच्या बोर्डिंगसाठी १९६३ पासून स्वतंत्र कायदा होता. १ ऑक्टोबर २०१८ पासून नवे परवाना नियम आले. तपासणी करून एक ते पाच तारे दिले जातात, घरगुती बोर्डिंगलाही परवाना लागतो आणि वेगवेगळ्या घरांची मांजरे एकत्र ठेवता येत नाहीत. आपल्याकडे अशी तपासणी असावी, असे अनेकांना वाटते. दुसरी बाजू अशी की तपासणारे मनुष्यबळ नसताना नियम वाढवले तर ते कागदावरच राहतील आणि छोटा, प्रामाणिक माणूस मात्र अडेल.

मालक आणि केनेलचालक यांच्यातला व्यवहार १८७२ च्या करार कायद्यात बसतो. सोपवलेल्या ठेवीची काळजी शहाणा माणूस स्वतःच्या वस्तूची घेईल तितकी घ्यावी, असे कलम १५१ सांगते. कलम १६३ खाली कायद्यातच दिलेले उदाहरण आपल्या अर्धलीच्या नेमके उलट आहे : एकाने दुसऱ्याकडे गाय सांभाळायला ठेवली, गाय व्याली, तर सांभाळणाऱ्याने गायीबरोबर वासरूही परत केले पाहिजे. त्याखेरीज हयगय झाली तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली सेवेतील त्रुटीची तक्रार करता येते. पण कायद्याच्या लेखी प्राणी ही मालमत्ता असल्याने भरपाई कशाच्या आधारे मोजायची, हे अवघड राहते. बाजारातली किंमत मोजायची, की घरातल्या माणसाला झालेले दुःख?

जमिनीचा प्रश्न इथे विशेष नाजूक आहे. त्र्यंबकेश्वर तालुक्याचा मोठा भाग अनुसूचित क्षेत्रात येतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६-अ खाली आदिवासीची जमीन बिगरआदिवासीकडे परवानगीशिवाय हस्तांतरित करता येत नाही, आणि अनुसूचित क्षेत्रांतल्या पंचायतींसाठीच्या पेसा कायद्याने ग्रामसभेला वजन दिले आहे. बाहेरून येऊन ‘स्वस्त जागा’ घेणाऱ्याने हे आधी समजून घ्यावे. उलट बाजूने पाहिले तर स्थानिक आदिवासी कुटुंबांनी स्वतःच्या जागेत हा व्यवसाय करावा, यासाठी हीच तरतूद बळ देते. त्याशिवाय २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. धुण्याचे मैलापाणी ओढ्यात सोडता कामा नये, कारण इथला ओढा गोदावरीला मिळतो आणि तेच पाणी गंगापूर धरणातून नाशिकच्या नळाला येते.

हिशेब

एक साधे उदाहरण घेऊ. आकडे समजण्यापुरते आहेत. समजा, दहा खोल्यांचे केनेल आहे आणि दर दिवसाला ६०० रुपये. वर्षभर सगळ्या खोल्या भरल्या तर ३,६५० दिवसांचे भाडे मिळेल. पण मागणी सणांपुरती आणि सुट्यांपुरती असल्याने सरासरी ३० टक्के भरली, तर १,०९५ दिवस, म्हणजे ६,५७,००० रुपये. दिवसाचा एक आणि रात्रीचा एक असे दोन कामगार, प्रत्येकी १५,००० रुपये महिना, म्हणजे वर्षाला ३,६०,००० रुपये. उरलेल्या २,९७,००० रुपयांत जागा, वीज, खाद्य, जंतुनाशके, पशुवैद्य, दुरुस्ती आणि कर्जाचा हप्ता बसवायचा. चालकाच्या हाती फार उरत नाही.

या हिशेबातून दोन वाटा फुटतात. काही जण उत्पन्न वाढवायला आंघोळ-केस कापणे, प्रशिक्षण, दिवसाचा सांभाळ अशा सेवा जोडतात. काही जण गर्दीच्या दिवसांत दहाच्या जागी पंधरा प्राणी घेतात. दुसऱ्या वाटेचा मोह मोठा, कारण वर्षाची कमाई त्याच वीस-पंचवीस दिवसांत होते. आजार, भांडणे आणि पळून जाणे यांचा धोकाही त्याच दिवसांत सर्वाधिक. बोर्डिंगच्या धंद्याची खरी परीक्षा आठव्या नव्हे, अकराव्या प्राण्याला नाही म्हणण्यात आहे.

काय सुटलेले नाही

पहिला प्रश्न सिंहस्थ कुंभमेळ्याचा. जाहीर वेळापत्रकानुसार ३१ ऑक्टोबर २०२६ रोजी ध्वजारोहण आहे, आणि अमृतस्नाने २ ऑगस्ट, ३१ ऑगस्ट आणि त्र्यंबकेश्वरी १२ सप्टेंबर २०२७ रोजी. तिन्ही भर पावसाळ्यात. पर्वणीच्या दिवशी खासगी वाहने दूरच्या वाहनतळावर थांबतात, तेव्हा गावाजवळच्या केनेलपर्यंत प्राणी पोहोचणार कसा, आणि तो आजारी पडला तर पशुवैद्य तरी कसे पोहोचणार? वाहनतळालगत तात्पुरता, दिवसापुरता निवारा असावा का, आणि तो कोणी चालवावा, यावर विचार व्हायला हवा.

दुसरा प्रश्न न परतणाऱ्या मालकांचा. प्राणी सोडून मालक फोन उचलेनासा झाला तर चालकाने किती दिवस वाट पाहावी, पुढे त्या जिवाचे काय करावे? टाकून देणे हा मालकाचा गुन्हा आहे, पण चालकासाठी सोपी, स्पष्ट प्रक्रिया नाही. तिसरा प्रश्न मनुष्यबळाचा. प्राणी सांभाळणाऱ्या कामगारासाठी लहान मुदतीचे प्रशिक्षण सहज मिळाले तर अर्धे अपघात टळतील, असे या क्षेत्रातल्या बहुतेकांना वाटते. चौथा प्रश्न मांजरांचा, ज्यांच्यासाठी नियमही नाहीत आणि ज्यांचा ताण बाहेरून दिसतही नाही.

निष्कर्ष

एवढ्या उलटसुलट बाबी तोलल्यावर मला जे दिसते ते असे. त्र्यंबकेश्वर परिसरात कुत्र्यांसाठी लहान, पक्क्या बांधणीचे, दिवसा आणि एक-दोन रात्री सांभाळ करणारे केनेल गरजेचे आहे. ते स्थानिक कुटुंबाने आपल्या जागेत, नोंदणी करून, जवळच्या पशुवैद्याशी ठरवून चालवले तर टिकेल. सिंहस्थाच्या गर्दीच्या मापाने मोठे केनेल बांधू नये, कारण गर्दी ओसरते आणि कर्ज मागे राहते. यात्रेकरूंच्या मांजरांसाठी इथे कॅटरी काढण्याचे समर्थन उपलब्ध अभ्यासांतून होत नाही. तीन दिवसांसाठी मांजराने आपल्याच घरी राहावे आणि ओळखीच्या माणसाने दिवसातून दोनदा जाऊन त्याला पाहावे, हेच त्याच्या हिताचे.

आणि मालकांना एक विनंती. गुरुजींकडून विधीची तारीख मिळाली की त्याच दिवशी प्राण्याच्या तयारीची दुसरी तारीखही ठरवा. लस निघण्याच्या किमान दोन आठवडे आधी घ्या. ज्या जागी ठेवायचे ती स्वतः जाऊन पाहा, आतल्या खोल्या दाखवायला जो नकार देईल तिथे ठेवू नका, आणि मोठ्या मुक्कामाआधी एक रात्र ठेवून बघा. तुमच्या पितरांच्या शांतीसाठी तुम्ही तीन दिवस देता आहात. घरच्या जिवाच्या शांतीसाठी त्यातली एक दुपार आधी काढा.